गोंदणाचा सांस्कृतिक अर्थ : विदर्भाच्या संदर्भात

मराठी कवितेने ‘गोंदण’ हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या हळुवारपणे वापरला आहे की, त्यामागे सुई असते, ठिबकणारे रक्त असते आणि ती सुई धरणारा एक परका हात असतो, याचा वाचकाला विसर पडावा. आठवणींचे गोंदण, चांदण्याचे गोंदण, मनावरचे हिरवे गोंदण ही रूपे आता वापरून गुळगुळीत झाली आहेत. शांता शेळके यांनी आपल्या एका काव्यसंग्रहालाच ‘गोंदण’ हे नाव दिले, यावरून या शब्दाला काव्यव्यवहारात लाभलेली प्रतिष्ठा लक्षात येते. परंतु ज्या प्रथेतून हा शब्द आला ती प्रथा, ती चालविणाऱ्या स्त्रिया आणि तिचे अर्थ यांच्याकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने फारच थोडे गेले. पदव्युत्तर वर्गात लोकसाहित्य शिकविताना ओवी, उखाणा, भुलाबाईची गाणी, कहाणी यांची चर्चा होते. गोंदणाचा उल्लेख झालाच तर तो ‘स्त्रियांचे अलंकार’ या सदरात एका ओळीत उरकला जातो. प्रस्तुत लेखात विदर्भ आणि त्याला लागून असलेला जुन्या मध्य प्रांताचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून गोंदणाच्या अर्थाचा विचार करावयाचा आहे. आवश्यक तेथे पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवरील प्रथेचा आधार घेतला आहे. जगातील गोंदणपरंपरांमध्ये ही परंपरा अखंड टिकून राहिलेली असून तिच्याशी ताडून पाहिल्यास मराठी प्रथेचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते.

शब्द आणि क्रिया

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. गोंड जमातीतील स्त्रिया मोठ्या प्रमाणात गोंदून घेतात, म्हणून ‘गोंदण’ हा शब्द ‘गोंड’ या शब्दावरून आला असावा, असे विदर्भात पुष्कळदा ऐकावयास मिळते. हे ध्वनिसाम्यावर आधारलेले लोकव्युत्पत्तीचे उदाहरण होय. ‘गोंड’ हे नाव त्या जमातीला इतरांनी दिलेले आहे; ती स्वतःस ‘कोइतूर’ म्हणविते. मराठी ‘गोंदणे’ हे हिंदी ‘गोदना’ या क्रियापदाचे सगोत्र असून टोचणे, खुपसणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे भाषेने या प्रथेला नाव दिले ते तिच्या वेदनेवरून. चित्र, रंग किंवा शोभा यांपैकी कशाचाही निर्देश या शब्दात नाही.

क्रिया साधी होती. दिव्याची काजळी धरावयाची, ती पाण्यात अथवा बाळंतिणीच्या अंगावरच्या दुधात कालवावयाची, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुयांनी कातडीवर ठिपक्याशेजारी ठिपका टोचत आकृती काढावयाची आणि टोचलेल्या जागी ती काजळी चोळावयाची. वरून हळद व तेल लावीत. सूज उतरे, खपली पडे आणि काळी काजळी त्वचेखालून हिरवट-निळसर दिसू लागे. हा रंगबदल त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणामुळे घडतो. लोकमनाने मात्र त्याला स्वतःचा अर्थ दिला. हिरवा चुडा, हिरवे लुगडे, हिरवी ओटी या सौभाग्याच्या रंगाशी गोंदणाचा रंग जुळून आला आणि काजळीपासून निघालेले ‘हिरवे गोंदण’ मराठीत स्थिर झाले.

ही क्रिया करणारी स्त्री कोण होती, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोंडांचे भाट आणि शकुन सांगणारे अशी ओझा समाजाची ओळख दिली असून ओझा स्त्रिया गोंदण्याचे काम करतात, अशी नोंद आहे. छत्तीसगडकडे देवार स्त्रिया हे काम करीत, तर मंडला भागात बैगांसाठी बादी समाजातील ‘बदनीन’ येई. अन्यत्रही गोंदणारीण ही बहुधा भटक्या समाजातीलच असे. पिकाचे दिवस उलटले की ती गावात येई, ओसरीवर किंवा झाडाखाली बसे आणि गात गात टोची. मोबदला म्हणून धान्य, मीठ-मिरची, एखादे जुनेर मिळे. ती परक्या आणि बहुधा खालच्या मानल्या गेलेल्या समाजातली. तरीही गावातील लेकीसुनांचे रक्त काढण्याचा आणि त्यांच्या कपाळाला हात लावण्याचा अधिकार तिच्याकडे होता. जिच्या हातचे पाणी चालत नसे, तिच्या हातची सुई चाले. स्पर्शास्पर्शाच्या व्यवस्थेत अशा काही जागा कायम मोकळ्या ठेवलेल्या आढळतात. बाळंतपण करणारी सुईण ही अशीच दुसरी जागा. (‘सुईण’ या शब्दाचा ‘सुई’शी व्युत्पत्तीच्या दृष्टीने संबंध नाही; तो प्रसूतिवाचक धातूवरून आला आहे. परंतु दोघींचे सामाजिक स्थान पाहता हे ध्वनिसाम्य मनात घोळत राहते.) स्त्रीदेहाच्या आयुष्यातील निर्णायक क्षणी परक्या स्त्रीचा हात लागतो आणि तो क्षण ओसरताच ती पुन्हा गावकुसाबाहेर जाते.

आकृती आणि त्यांचे स्पष्टीकरण

बा. आ. गुप्ते यांनी १९०२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त स्त्रियांच्या गोंदणाच्या आकृतींविषयी टिपण लिहिले. या विषयावरील हे आरंभीच्या महत्त्वाच्या लेखनापैकी होय. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या आकृती परिचित आहेत. कपाळावर कुंकवाच्या जागी टिकली किंवा चंद्रकोर, हनुवटीवर आणि गालावर तीळ, दंडावर व पोटरीच्या बाजूस तुळस, मोर, विंचू, कमळ, मासा, लक्ष्मीची पावले. हिंदी मुलखाकडे सरकावे तशी ‘सीतेची रसोई’ ही चौकटीची आकृती. गोंड आणि बैगा स्त्रियांमध्ये गोंदण कपाळापासून पायांपर्यंत पसरते. व्हेरिअर एल्विन यांच्या १९३९ च्या बैगांवरील ग्रंथात मोर, टोपली, हळकुंड, माशाचे काटे अशी आकृतींची नावे आढळतात. गडचिरोलीतील माडिया स्त्रियांच्या चेहऱ्यावरील रेषांचे वळण आणखी वेगळे.

या आकृतींना ‘लोकलिपी’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावयास हवा. लिपीत चिन्ह आणि ध्वनी यांचे नाते ठरलेले असते, आणि वाक्य रचता येते. गोंदणात तसे काहीच नाही. विंचू गोंदला म्हणून विंचवाची एखादी कथा सांगितली जाते असे नव्हे. कोणी म्हणते, विंचवाचे विष बाधत नाही, कोणी म्हणते, सासूने सांगितले म्हणून काढला, कोणी नुसतीच हसते. एकाच आकृतीला एक गाव ‘मोर’ म्हणते आणि दुसरे ‘झाड’. गोंदणाचा अर्थ आकृतीत कमी असून ते कोणत्या वयात, कोणाच्या घरी, देहाच्या कोणत्या जागी आणि कोणाच्या देखत केले गेले यात अधिक असतो. रांगोळीची आकृती अंगणातून उचलून कागदावर काढली तर ती नक्षी उरते. गोंदणाचेही तसेच आहे.

मध्य भारतात मुलगी वयात येण्याच्या सुमारास, लग्नापूर्वी, माहेरीच तिला गोंदण्याचा प्रघात होता. गोंदल्याशिवाय सासरी गेलेल्या सुनेला टोमणे ऐकावे लागत; तिच्या हातचे अन्न घेण्यासही काही ठिकाणी कांकू केले जाई. वेदना मुकाट्याने सोसणे ही येथे कसोटी होती आणि पुढे येणाऱ्या प्रसूतीच्या वेदनेची ती पूर्वतयारी समजली जाई. पाय गोंदले म्हणजे ते चालण्यास बळकट होतात, सांधे दुखत नाहीत, अशीही समजूत होती. व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या अवस्थांतर-विधींच्या उपपत्तीत हे सारे नीट बसते. परंतु उपपत्तीत बसते एवढ्यावर थांबल्यास अधिक महत्त्वाची गोष्ट निसटते. सासरी जाणारी मुलगी जे जे बरोबर नेते, ते ते काढून घेता येते. दागिने अडीअडचणीला गहाण पडतात, भांडीकुंडी सासरच्या घरात मिसळून जातात, नावदेखील लग्नात बदलले जाते. गोंदण तेवढे माहेरचे राहते. सावकाराला ते गहाण घेता येत नाही, चोराला नेता येत नाही. ‘मेल्यावर बरोबर येणारा एवढाच दागिना’ असे जे सर्वत्र म्हटले जाते, त्यामागे गरिबीचा रोकडा हिशेबही आहे. ज्या घरात सोने कधी आलेच नाही, त्या घरातील स्त्रीला हा दागिना सूपभर धान्यात मिळत होता.

परलोकाची कल्पना या हिशेबाला जोडलेली आहे. गोंदण नसलेल्या स्त्रीला देवाच्या दारी जाब विचारला जाईल आणि येथे सुईने टोचून घेतले नाही तर तेथे पहारीने टोचतील, अशी भीती मुलींना घातली जाई. ही भीती नकली नव्हती; पण ती सांगताना म्हाताऱ्यांच्या स्वरात थोडी थट्टाही मिसळलेली असे, हे विसरून चालणार नाही. लोकश्रद्धेची नोंद करणारा अभ्यासक पुष्कळदा थट्टेचा स्वर गाळतो आणि उरलेल्या मजकुराला ‘श्रद्धा’ असे शीर्षक देतो.

आणखी एका स्पष्टीकरणाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. परचक्राच्या काळात स्त्रियांना विद्रूप करून त्यांचे अपहरण टाळावे, म्हणून गोंदण सुरू झाले, असे मत छापील आणि मौखिक दोन्ही रूपांत प्रचलित आहे. ते टिकण्याजोगे नाही. विद्रूपतेचा हेतू असता तर हनुवटीवर नेमका तीळ गोंदला गेला नसता, तुळस काढताना दोन्ही दंडांचा तोल सांभाळला गेला नसता आणि गोंदणाला ‘लेणे’ हा शब्द लागला नसता. शिवाय ज्या भूभागांचा अशा आक्रमणांशी काही संबंध आला नाही, तेथेही ही प्रथा आढळते. हे मत गोंदणाविषयी फारसे काही सांगत नाही. ज्या काळात ते रूढ झाले त्या काळाला आपला इतिहास कसा पाहावासा वाटत होता, हे मात्र ते सांगते.

सामोआचा पडताळा

‘टॅटू’ हा शब्द पॉलिनेशियन भाषांतील ‘तातौ’पासून इंग्रजीत आला. कॅप्टन कुकचे जहाज १७६९ मध्ये ताहिती बेटावर पोचले, त्या प्रवासाच्या वर्णनांतून युरोपला तो परिचित झाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या विरोधामुळे ताहितीत ही प्रथा खंडित झाली. सामोआत १८३० मध्ये मिशनरी आले, विरोध तेथेही झाला, परंतु प्रथा टिकली. तेथील पुरुषाचे गोंदण कमरेपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकून टाकते; त्याला ‘पेआ’ म्हणतात. स्त्रीच्या मांडीवरील गोंदण विरळ व नाजूक असते. त्याचे नाव ‘मालू’, आणि आसरा, संरक्षण हा त्या शब्दाचा अर्थ. रानडुकराच्या सुळ्यापासून केलेला दातेरी फणा दांडीला बांधून त्यावर लाकडी टोला मारीत ते टोचले जाते. शाई एका तेलबीच्या काजळीची. काजळी तेथेही आहे आणि येथेही. मानवी कल्पकता कधीकधी एकाच चुलीपाशी येऊन बसते.

तेथील दंतकथा मोठी मार्मिक आहे. ताएमा आणि तिलाफाइगा या जुळ्या बहिणी फिजी बेटांवरून गोंदण्याची अवजारे घेऊन पोहत निघाल्या. ‘बायकांना गोंदा, पुरुषांना नको’ असे त्या गात होत्या. वाटेत समुद्रतळाशी एक शिंपला दिसला म्हणून त्यांनी बुडी मारली आणि वर आल्या तेव्हा गाणे उलटे झाले होते : ‘पुरुषांना गोंदा, बायकांना नको.’ म्हणून सामोआत मोठे गोंदण पुरुषाचे. आपल्याकडे त्या बहिणींनी बुडी मारली नाही, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही. मराठी पुरुषही गोंदून घेत आला; दंडावर मारुती, मनगटावर नाव. परंतु त्याच्याबाबतीत ती हौस होती. स्त्रीच्या बाबतीत तो संस्कार होता.

फरक एवढ्यावर संपत नाही. सामोआत गोंदणारा ‘तुफुगा’ हा मानकरी असतो. ही विद्या विशिष्ट घराण्यांत वंशपरंपरेने चालते आणि काम पूर्ण झाल्यावर त्याला विणलेल्या मौल्यवान चटया सन्मानपूर्वक दिल्या जातात. वेदना असह्य होऊन कोणी मध्येच उठला, तर ते अर्धवट गोंदण त्याच्या कुटुंबालाही कमीपणा आणते. ज्याने ते पूर्ण केले तो कुटुंबप्रमुखाच्या आणि समाजाच्या सेवेस पात्र ठरतो. सामोआचे लेखक अल्बर्ट वेंट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या प्रथेचा अर्थ ‘वा’ या संकल्पनेच्या आधारे उलगडला आहे. ‘वा’ म्हणजे दोन माणसांमधील अवकाश. तोडणारा नव्हे, जोडणारा. गोंदण हे त्या अवकाशाचे वस्त्र होय, अशा दिशेने त्यांचे विवेचन जाते. तेथे गोंदणाने माणूस समाजाशी जोडला जातो आणि गोंदणाराही त्या जोडणीत मानाने सामील होतो. मराठी प्रदेशात गोंदून घेणारी जोडली जाते. गोंदणारी सूपभर जोंधळे घेऊन पुढच्या गावाला निघते. एकाच कलेच्या दोन टोकांना दोन वेगळी माणसे ठेवून त्यांच्यात जातीची भिंत उभी करावयाची, ही आपल्या समाजरचनेची खासियत या तुलनेत उघडी पडते. ओझा स्त्रियांची गाणी आमच्या लोकगीतसंग्रहांत अभावानेच का आढळतात, याचे उत्तरही येथेच शोधावे लागते. संग्राहक ज्या अंगणात वही घेऊन बसला, त्या अंगणाची ती मालकीण नव्हती.

दंडावरचे नाव

विसाव्या शतकात विजेवर चालणारे गोंदणयंत्र जत्रेजत्रेतून पोचले. (असे पहिले पेटंट न्यूयॉर्कमध्ये १८९१ मध्ये घेतले गेले होते.) यंत्राबरोबर अक्षरे आली. तुळशी-मोराच्या शेजारी, पुढे त्यांच्या जागीच, नावे दिसू लागली : देवाचे, भावाचे, नवऱ्याचे, स्वतःचे. नवऱ्याचे नाव उच्चारू नये, हा मराठी स्त्रीवरील दंडक सर्वश्रुत आहे. उखाण्याने त्या दंडकाला काव्यमय पळवाट दिली. नाव घ्यावयाचे, पण यमकाच्या आडून. गोंदणाने दुसरी वाट दिली. जे तोंडाने घेता येत नाही ते कातडीवर वागवावयाचे. यातील गुंतागुंत लक्षणीय आहे. अक्षरओळख नसलेली स्त्री स्वतःच्या हातावरचे नाव वाचू शकत नव्हती, आणि ज्यांना वाचता येई त्यांच्यासाठी ते मालकीची पाटी ठरे. मात्र त्याच हातावर भावाचे नाव गोंदून घेणारी स्त्री सासरच्या घरात आपल्या पाठीराख्याची आठवण सर्वांना करून देत होती. जात्यावरच्या ओव्यांत भावाला जे स्थान आहे तेच येथे अक्षररूपाने दिसते. नवऱ्याचे नाव आणि भावाचे नाव, एक डाव्या हातावर आणि एक उजव्या, अशा मांडणीचा विचार स्त्रीलिखित साहित्याच्या अभ्यासात व्हावयास हवा.

पुसलेले कुंकू आणि राहिलेले गोंदण

गोंदणाचा सर्वांत खोल अर्थ उलगडून दाखविला तो लिहिता-वाचता न येणाऱ्या एका कवयित्रीने. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. वैधव्यानंतरच्या मनःस्थितीवरील त्यांच्या कवितेत कपाळावरचे कुंकू पुसले गेल्यावर तेथे गोंदण उरते आणि नशिबाला आवतण धाडण्याचे काम आता तेच करील, असा आशय येतो. ‘आवतण’ म्हणजे जेवणाचे आमंत्रण. सामान्यतः नशीब माणसाला गाठते. येथे गोंदण नशिबाला बोलावते. क्रियापदाची दिशा बदलली आहे.

या कवितेच्या आरंभी कुंकवाखाली लपलेल्या कर्मरेषेचा उल्लेख आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्र पुरे होते. महाराष्ट्रातील लोकसमजुतीप्रमाणे बाळाच्या जन्मानंतर सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर भविष्य लिहून जाते. ती रेषा कोणाला दिसत नाही, तिच्यात बदल करता येत नाही आणि ती लिहिताना बाळाला कोणी विचारीत नाही. म्हणजे स्त्रीच्या कपाळावर तीन गोष्टी एकावर एक आहेत : सर्वांत खाली सटवाईची अदृश्य रेषा, तिच्यावर कातडीत मुरलेली गोंदणाची टिकली आणि सर्वांत वर रोज लावावयाचे कुंकू. समाजाचे नियंत्रण फक्त वरच्या थरावर चालते. वैधव्याचे सारे विधी काढून टाकता येणाऱ्या वस्तूंभोवती रचलेले आहेत; कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे. ज्या व्यवस्थेने हे विधी इतक्या बारकाईने आखले, तिला गोंदणाचे काय करावयाचे हे सुचलेले नाही. विधवेच्या कपाळावर सौभाग्याच्या जागीच, सौभाग्याच्याच आकाराची एक हिरवी टिकली मरेपर्यंत राहते आणि कोणताही विधी तिला हात लावू शकत नाही.

बहिणाबाईंनी ही फट नेमकी हेरली. त्यांची गोंदणाची प्रतिमा अलंकरणासाठी आलेली नाही. बांगड्या गेल्यावर मनगटातले कर्तृत्व राहते, हे पुढे त्या सांगतात. त्या मालिकेतील गोंदण ही पहिली शिल्लक आहे. तिच्या बळावर ही स्त्री ज्योतिषाला दारातून परत पाठविते. सटवाईने लिहिले ते तिच्या अपरोक्ष. सुईने टोचले ते तिच्या डोळ्यांदेखत, तिने दात आवळून सोसले. म्हणून नशिबाशी बोलावयाचे तर ते या दुसऱ्या रेषेच्या भरवशावर. नंतरच्या नागर कवितेत हिरवे गोंदण जेव्हा केवळ ‘न पुसणारी आठवण’ एवढ्यावर येऊन थांबते, तेव्हा ही सारी सामाजिक धार बोथट होते. तो काव्याचा दोष नव्हे. ज्या अनुभवातून प्रतिमा उचलली तो अनुभव कवीच्या घरातून एका पिढीपूर्वी निघून गेलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

चिन्हाची दुसरी बाजू

तथापि पुसता न येणे हे नेहमीच बळ ठरत नाही. बंगाल इलाख्यात १७९७ पासून काही गुन्हेगारांच्या कपाळावर त्यांचा अपराध गोंदण्याची शिक्षा होती. ती १८४९ मध्ये रद्द झाली. शिक्षेचे नावही ‘गोदना’च. जे चिन्ह एका कपाळावर लेणे होते, तेच दुसऱ्या कपाळावर कायमची बेअब्रू झाले. सुई तीच, काजळी तीच.

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात हा प्रश्न वेगळ्या रीतीने उपस्थित झाला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत, गळ्यातील ढीगभर माळा आणि हातभर पाटल्या ही अस्पृश्यता ओळखण्याची चिन्हे होत, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी लुगड्याची नेसण लगोलग बदलली. वेषभूषेतील चिन्ह असे एका संध्याकाळी टाकता येते. गोंदण टाकता येत नाही. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लक्षावधी लोकांनी धम्मदीक्षा घेतली. राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव मानणार नाही, अशा आशयाच्या प्रतिज्ञा घेणाऱ्या त्या समुदायात ज्यांच्या दंडावर देवादिकांची नावे आणि तुळशी बालपणीच गोंदल्या गेल्या होत्या, अशा स्त्रियाही असणारच. घरातले देव नदीत सोडता आले. दंडावरचे सोडता आले नाहीत. धर्मांतरानंतरची नवी श्रद्धा आणि कातडीवरची जुनी खूण यांचे हे सहजीवन पुढची कित्येक दशके नागपुरात चालले. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांनी पेहरावाइतकेच या खुणांकडेही लक्ष दिल्यास त्यांना बरेच काही सापडेल. येथे गोंदण अभिमानाचे की अपमानाचे, असा सरळ प्रश्न विचारून भागत नाही. ते त्या स्त्रीच्या आयुष्यातील एका टाकून दिलेल्या काळाचा न टाकता येणारा पुरावा आहे.

आज

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावरील वाडी हे वाहतूकदारांच्या गोदामांचे आणि शेजारच्या आयुधनिर्माणीचे गाव. विदर्भातील आणि पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटकडील कुटुंबे अशा वस्त्यांत कामाच्या ओढीने येऊन स्थिरावतात. तेथे गोंदणाचे तीन कालखंड एका घरात भेटू शकतात : आजीच्या कपाळावर सुईचे ठिपके, आईच्या हातावर जत्रेतील यंत्राने लिहिलेले नाव आणि नातवाच्या मनगटावर शहरातील दुकानात काढून घेतलेला ‘टॅटू’. आजीचे ते ‘गोंदन’ आणि नातवाचा तो ‘टॅटू’. एकाच क्रियेला घरातच दोन शब्द, आणि दोन्हींची प्रतिष्ठा निराळी. पहिला शब्द मागासलेपणाचा वाटतो, म्हणून तो टाकून जो दुसरा घेतला जातो, तो पॉलिनेशियातील आदिवासी बेटांवरून आलेला आहे, याची जाणीव बहुधा नसते. नातवाच्या मनगटावर पुष्कळदा ‘जय भीम’ अथवा बाबासाहेबांची स्वाक्षरी असते. देवाचे नाव गोंदविण्याची जुनी रीत आणि जुने देव नाकारण्याचा नवा निश्चय यांचा त्यात मेळ झाला आहे. येथे नाव निवडणारा तो स्वतः आहे, हा आजीच्या आणि त्याच्या गोंदणातील मुख्य फरक.

उलट, ज्यांच्या चेहऱ्यावर ते बालपणीच आले अशा मुलींना शाळेत, वसतिगृहात आणि नोकरीच्या मुलाखतीत संकोच वाटतो. लेसरने गोंदण काढण्याची सोय आता झाली आहे आणि ‘न पुसणारे’ हे विशेषण यापुढे पूर्वीइतक्या खात्रीने वापरता येणार नाही. लष्करभरतीच्या नियमांत गोंदणावर मर्यादा असून आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या जमातीच्या रूढीनुसार सवलत आहे. रूढी सिद्ध करावयाची तर तिची नोंद हवी, आणि नोंदी तर बहुतांशी शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी ग्रंथांतच आहेत.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, म्हणजे लोकांच्या ‘अजबबंगल्या’ची, स्थापना १८६३ ची. आदिवासींच्या वस्तू व अलंकार तेथे पाहावयास मिळतात. गोंदण मात्र काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ते धारण करणाऱ्या स्त्रीबरोबर मातीत किंवा चितेवर जाते, आणि या दागिन्याविषयी ती आयुष्यभर जे सांगत आली ते त्या अर्थाने शब्दशः खरे ठरते. मागे राहू शकतात ती आकृतींची तिने सांगितलेली नावे, त्या कोणत्या वयात व कोणाच्या ओसरीवर काढल्या गेल्या याची हकीकत आणि टोचताना गोंदणारणीने म्हटलेली गाणी. ओझा वस्त्यांतील ज्या वृद्ध स्त्रियांनी स्वतः सुई धरली होती, त्यांच्याकडून ही नोंद अद्याप घेता येण्यासारखी आहे. एम. ए. च्या लोकसाहित्याच्या प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांना दरवर्षी तेच ते विषय दिले जातात. त्यांतील दोघा-चौघांना वही घेऊन या वस्त्यांकडे पाठविण्यास कोणत्याही अभ्यासमंडळाची मंजुरी लागत नाही.